जुन्या संगणकांतील मॅथ कोप्रोसेसर : वेग मिळाला हे खरे, पण अचूकतेचे काय?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी,

जुन्या बाजारातून आणलेला ३८६डीएक्स-४० चा (४० मेगाहर्ट्झच्या ३८६ प्रोसेसरचा) एक मदरबोर्ड सध्या माझ्याकडे चालू स्थितीत आहे. त्यावरचे कोप्रोसेसरचे, म्हणजे मुख्य प्रोसेसरला अपूर्णांकांचे गणित करून देणाऱ्या वेगळ्या चिपचे, सॉकेट रिकामे होते, आणि तेथे काय बसवावे याचा विचार करताना एक जुना प्रश्न पुन्हा वर आला.

माझ्याकडे इमारतींच्या सांगाड्याचे पृथक्करण करणारा, टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. तोच प्रोग्रॅम आणि तीच माहिती दिली असता ३८७ (३८६ चा कोप्रोसेसर, पूर्ण नाव ८०३८७) बसवलेल्या यंत्रावर एक उत्तर येते. सी भाषेत उतरवून आजच्या चौसष्ट बिटांच्या संगणकावर चालवला, तर काही सांध्यांचे विस्थापन आठव्या-नवव्या अंकापासून वेगळे दिसते. बांधकामाच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे, हे मला मान्य आहे. तरीही दोन यंत्रे एकाच गणिताची दोन उत्तरे देत असतील, तर त्यांतले खरे कोणते आणि फरक कोठून आला, हे कळायला हवे असे मला मनापासून वाटते.

माझे मत आधीच मांडतो. कोप्रोसेसरची आठवण आपण नेहमी वेगासाठी काढतो. परंतु त्याने दिलेली मोठी गोष्ट अचूकता ही होती, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले गेले. जाणकारांनी लिहावे.

लॉगटेबल

धागा आवडला, पण वेगाला इतके मागे ढकलू नका. इंटेलने ८०८७ साठी (८०८६ प्रोसेसरच्या कोप्रोसेसरसाठी) दिलेल्या तक्त्यात ५ मेगाहर्ट्झवरची तुलना आहे. साध्या गुणाकाराला ८०८७ ला १९ मायक्रोसेकंद लागत, तर ८०८६ वर सॉफ्टवेअरने तेच काम करायला १६०० लागत. भागाकारासाठी हे आकडे ३९ आणि ३२००, तर वर्गमुळासाठी ३६ आणि १९६०० असे होते. वर्गमूळ पाचशेपटीहून अधिक वेगाने निघत असेल, तर ज्याने रात्रभर यंत्र चालू ठेवून उत्तराची वाट पाहिली आहे, त्याला अचूकतेचा विचार नंतर सुचला तर नवल नाही.

अर्थात हा तक्ता सुट्या क्रियांचा आहे. एखाद्या प्रोग्रॅमचा ६० टक्के वेळ फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अपूर्णांकांच्या गणितात, जात असेल आणि तो वेळ शून्यावर आला, तरी संपूर्ण प्रोग्रॅम अडीचपटीहून जास्त वेगवान होऊ शकत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या बाजारात चिप घेताना हा हिशेब कोणी सांगत नसे.

चिंचेची_तालीम

पर्वतीकर, चिप घेण्यापूर्वी तिच्यावरचा वेग पाहा. इंटेलची ३८७डीएक्स ३३ मेगाहर्ट्झपर्यंतच होती. ४० च्या यंत्रासाठी सायरिक्स, आयआयटी किंवा यूएलएसआय या कंपन्यांकडे जावे लागे. तुमच्या बोर्डवरचे सॉकेट १२१ छिद्रांचे असेल, तर ते वायटेक कंपनीच्या चिपसाठीही आहे. त्यात ३८७ बसते, पण खुणेचा कोपरा जुळवल्याशिवाय वीज देऊ नका.

मुळाकाठ

मी सांगाड्यांच्या गणितात आयुष्य घालवले आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो.

पर्वतीकर, तुमच्या सांगाड्यात तिरपा आधार आहे का? आधार जखडण्यासाठी मॅट्रिक्सच्या कर्णावर एक प्रचंड संख्या मिळवण्याची युक्ती त्या काळच्या बहुतेक प्रोग्रॅमांत असे. आधार आडवा किंवा उभा असेल, तर या युक्तीने काही बिघडत नाही. आधार तिरपा असला, की ती प्रचंड संख्या दोन्ही दिशांच्या चारही पदांत विभागून मिसळते, आणि आधाराला समांतर दिशेचा खरा ताठरपणा दोन प्रचंड संख्यांच्या वजाबाकीतून परत काढावा लागतो. ती संख्या खऱ्या ताठरपणाच्या १० चा आठवा घात पट असेल, तर आठ अंक तेथेच गेले असे समजावे.

आता कोणाकडे किती अंक शिल्लक राहतात ते पाहा. टर्बो पास्कलच्या सहा बाइटच्या ‘रिअल’मध्ये अकरा-बारा अंक असतात, त्यांतले तीन-चार उरतात. आठ बाइटच्या ‘डबल’मध्ये पंधरा-सोळा असतात, त्यांतले सात-आठ उरतात. कोप्रोसेसरच्या ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये ६४ बिट अंकांसाठी असतात, म्हणजे सुमारे एकोणीस अंक, आणि त्यांतले अकरा उरतात. तुम्ही सांगता तो आठव्या-नवव्या अंकातला फरक मला या हिशेबात नेमका बसताना दिसतो. म्हणून ‘कोप्रोसेसरने अचूकता दिली’ हे तुमचे म्हणणे मी उचलून धरतो.

अष्टांश

मुळाकाठ यांच्या हिशेबाशी सहमत आहे, निष्कर्षाशी पूर्णपणे नाही.

ते ८० बिट फक्त रजिस्टरमध्ये असेपर्यंत तुमचे असतात. रजिस्टरे आठच आहेत आणि तीही चळतीसारखी वापरावी लागतात. जागा संपली, किंवा कंपायलरला गरज वाटली, की संख्या मेमरीत जाते, आणि चल (व्हेरिएबल) ‘डबल’ म्हणून घोषित केला असेल तर तिचे ५३ बिट होतात. कोणती संख्या कोणत्या ओळीवर मेमरीत जाईल, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात नसते. ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की उत्तराचे शेवटचे अंक बदलतात. नुकतीच काढलेली आणि मेमरीतून परत आणलेली एकच संख्या एकमेकींशी तुलना केल्यावर असमान ठरते. जीसीसी हा कंपायलर वापरणाऱ्यांनी ही तक्रार वर्षानुवर्षे केली, आणि त्यासाठी ‘फ्लोट-स्टोअर’ हा पर्याय द्यावा लागला.

शिवाय राउंडिंग (जास्तीचे बिट सोडून जवळची संख्या घेणे) दोनदा होते, प्रथम ६४ बिटांना आणि नंतर ५३ बिटांना. पहिल्या राउंडिंगने संख्या बरोबर मध्यावर येऊन बसली, तर दुसरे राउंडिंग चुकीच्या बाजूला झुकू शकते. चूक अगदी लहान असते, पण ती असते.

माझ्या दृष्टीने अचूकता आणि पुनरावृत्ती हे दोन वेगळे गुण आहेत. ८०८७ च्या घराण्याने पहिला भरभरून दिला आणि दुसरा काढून घेतला. आजच्या यंत्रांवर एसएसई२ या नव्या सूचनासंचामुळे प्रत्येक क्रिया थेट ५३ बिटांतच होते. अंक कमी मिळतात, पण रोज तेच मिळतात.

मुळाकाठ

अष्टांश, तुमचा मुद्दा योग्य आहे, परंतु हा दोष चिपच्या माथी मारू नये. विल्यम काहान यांनी ८० बिटांची रचना सुचवली, ती मधल्या टप्प्यांवरच्या बेरजा सुरक्षित राहाव्यात म्हणून. मधले चल ‘एक्स्टेंडेड’ ठेवा आणि शेवटचे उत्तर तेवढे ‘डबल’मध्ये उतरवा, अशी ती शिस्त होती. टर्बो पास्कलने ‘एक्स्टेंडेड’ हा प्रकार उघडपणे दिला होता. ज्या भाषांनी आणि कंपायलरांनी तो लपवला, त्यांच्या वापरकर्त्यांना हा गोंधळ भोगावा लागला. काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो संख्यात्मक विश्लेषणातील अशाच पायाभूत कामासाठी.

गणितज्ञ_नव्हे_गणक

या चर्चेत पंचांगाचे उदाहरण यायला हवे, कारण आपल्याकडे घरोघरीच्या पीसीवर पत्रिका आणि पंचांगाचे गणित फार लवकर आले.

कलियुगाच्या आरंभापासून इ. स. २००० पर्यंत सुमारे १८ लाख ६३ हजार दिवस होतात. चंद्राची मध्यम गती रोज १३.१७६४ अंश धरली, तर एकूण सुमारे २ कोटी ४५ लाख अंश येतात. चार बाइटच्या ‘सिंगल’ प्रकारात अंकांसाठी २४ बिट असतात, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या पुढे विषम पूर्णांकसुद्धा लिहिता येत नाहीत. या ठिकाणी लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये २ अंशांचे अंतर पडते. तिथी १२ अंशांची असते, तेव्हा २ अंशांच्या पायरीने तिथीचा शेवट काढला तर तो तीन-चार तासांच्या अंतराने उड्या मारेल. सहा बाइटच्या ‘रिअल’मध्ये हीच पायरी विकलेच्या नवव्या भागाएवढी, आणि ‘डबल’मध्ये विकलेच्या लाखाव्या भागाच्या आसपास येते. म्हणजे कोप्रोसेसर नसलेल्या यंत्रावर सहा बाइटच्या ‘रिअल’ने केलेले पंचांगही या कारणाने चुकत नव्हते, ते फक्त सावकाश होत होते.

यावर आपल्या मातीतला उपाय तर कितीतरी जुना आहे. गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात शके १४४२ हा आरंभ धरला आणि ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिले. अहर्गण, म्हणजे आरंभापासून गेलेल्या दिवसांची संख्या, त्यामुळे नेहमी लहान राहतो, आणि चक्रांची भर वेगळी घातली जाते. ज्या (साईन) या फलाचे कोष्टक न वापरता हा सारा ग्रंथ गणित करतो. मोठा कोन आधी लहान करून घ्यावा आणि मगच त्याचे गणित करावे, हे तत्त्व संगणकाच्या लायब्ररीत आजही पाळावे लागते.

लॉगटेबल

वा! ४०१६ दिवसांच्या चक्राचा संबंध येथे जुळेल असे वाटले नव्हते. वाचनखूण साठवली आहे.

अष्टांश

गणक यांच्या शेवटच्या वाक्याला धरून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण तिरप्या आधाराच्या गणितातही ज्या आणि कोटिज्या (कोसाईन) येतातच.

८०८७ आणि ८०२८७ (२८६ चा कोप्रोसेसर) मध्ये थेट साईन काढणारी सूचना नव्हती. त्यांच्या स्पर्शज्येच्या (टॅनच्या) सूचनेला कोन शून्य ते पाय (π) भागिले चार एवढ्याच मर्यादेत लागत असे, आणि तो तेथपर्यंत आणणे हे लायब्ररीचे काम होते. ८०३८७ ने १९८७ मध्ये साईन आणि कोसाईनच्या सूचना दिल्या, आणि मोठा कोन चिपच्या आत लहान होऊ लागला. सोय झाली खरी, पण या कामासाठी चिपमध्ये ठेवलेली पायची किंमत ६६ बिटांची आहे. ‘डबल’मध्ये बसणारी पायची किंमत घेऊन तिची ज्या काढा. खरे उत्तर १.२२४६४६८ गुणिले १० चा उणे सोळावा घात असे आहे. इंटेलची सूचना १.२२४६०६४ देते. पहिले पाच अंक जुळतात आणि पुढचे सारे चुकीचे आहेत.

इंटेलच्या माहितीपुस्तकात मात्र शेवटच्या बिटापर्यंतच्या अचूकतेचे आश्वासन अनेक वर्षे छापले जात होते, आणि त्यात दुरुस्ती झाली ती २०१४ नंतर. चिपवर छापलेल्या बिटांच्या संख्येवर डोळे झाकून विसंबू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

चिंचेची_तालीम

सायरिक्सचे काय? तिच्याविषयी ‘वेगवान पण कमी अचूक’ असे ऐकले होते.

लॉगटेबल

तसे म्हणणे सायरिक्सवर अन्याय करणारे आहे. इंटेलच्या ८०८७ पासून ३८७ पर्यंतच्या चिप ज्या, स्पर्शज्या, लॉगरिदम यांसाठी कॉर्डिक पद्धत वापरीत. तीत बेरीज, वजाबाकी आणि बिट सरकवणे यांतून एकेक पायरीने उत्तराकडे जातात. सायरिक्सने ८३डी८७ मध्ये मोठा हार्डवेअर गुणक बसवला आणि तीच फले बहुपदींच्या आधारे काढली. त्यामुळे ती चिप वेगवान होती आणि फलांच्या अचूकतेतही इंटेलच्या मागे नव्हती. वायटेकची गोष्ट वेगळी आहे. ती मेमरीच्या पत्त्यांवरून चाले, फक्त ‘सिंगल’ आणि ‘डबल’ ओळखे, ज्या आणि लॉगरिदम सॉफ्टवेअरवर सोडी, आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम स्वतंत्रपणे कंपाइल करावा लागे.

मात्र ३८६ वर कोणतीही वेगवान चिप लावली, तरी सूचना आणि संख्या बसवरून पलीकडे पोहोचायला जो वेळ जातो, तो कमी होत नाही. ३८७ ला बेरजेसाठी २३ ते ३४ घड्याळठोके लागत. ४८६डीएक्समध्ये हा भाग प्रोसेसरच्याच आत आला आणि ते ८ ते २० वर आले. भागाकार मात्र ९० च्या आसपासवरून ७३ वर आला, म्हणजे त्यात फारसे साधले नाही. पेंटियमने तो ३९ वर आणला, आणि त्या घाईची किंमत सर्वांना ठाऊक आहे.

नदीपात्र

लॉगटेबल, त्याला घाई म्हणणे बरोबर नाही. भागाकाराची नवी पद्धत एका घड्याळठोक्यात दोन बिट काढत होती आणि ती पद्धत निर्दोष होती. तिच्या कोष्टकातल्या १०६६ नोंदींपैकी पाच नोंदी चिपमध्ये उतरल्याच नाहीत, आणि जेथे २ असायला हवा होता तेथे शून्य मिळाले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागून त्याच संख्येने गुणले आणि मूळ संख्येतून वजा केले, तर शून्य यावे. सदोष पेंटियमवर २५६ येत.

हा दोष अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी १९९४ मध्ये उघड केला. ते जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल असे इंटेलने सांगितले, तर स्प्रेडशीट वापरणाऱ्याला २४ दिवसांतून एकदा, असा आयबीएमचा हिशेब होता. शेवटी चिप बदलून द्याव्या लागल्या आणि इंटेलने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.

पाषाण_रस्ता

पुण्यात बसून ही चर्चा होत असताना परम या महासंगणकाचा उल्लेख नसावा, हे खटकले. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ मध्ये येथे स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात इन्मॉसचे टी८०० घराण्यातले ट्रान्सप्युटर (समांतर गणनेसाठी एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर) होते, आणि टी८०० मध्ये फ्लोटिंग पॉइंटचा भाग प्रोसेसरच्याच चिपवर होता. ४८६ बाजारात येण्यापूर्वी, १९८७ मध्येच ही चिप आली होती.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा, की टी८०० च्या फ्लोटिंग पॉइंटचा मायक्रोकोड आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या १९८५ च्या मानकाप्रमाणे वागतो, हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने गणिती सिद्धतेने तपासले गेले होते. अशी सिद्धता मागण्याची पद्धत पीसीच्या जगात पेंटियमच्या प्रकरणानंतर रुजली. अचूकतेविषयी आपल्याकडे बोलले गेले नाही, असे पर्वतीकर म्हणतात. निदान पीसीच्या बाहेर, समांतर गणना करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नव्हता.

चिंचेची_तालीम

अवांतर : ८०२८७ विषयी कोणी लिहिले नाही. ८ मेगाहर्ट्झच्या एटीमध्ये (२८६ च्या पीसीमध्ये) तो ५.३३ वरच चालत असे, कारण बोर्डवर त्याला प्रोसेसरच्या दोन-तृतीयांश वेग मिळे. पैसे मोजूनही जुन्या एक्सटीतल्या ८०८७ पेक्षा फारसा फरक न जाणवल्याची निराशा अनेकांनी अनुभवली आहे.

नदीपात्र

अवांतरात माझीही भर. २८७ आणि ३८७ ओळखण्याची युक्ती अनंतावर आधारलेली होती. १ या संख्येला शून्याने भागून मिळालेला अनंत आणि त्याचा ऋण अनंत यांची तुलना करायची. २८७ सुरुवातीला दोन्हींना समान मानतो, ३८७ मानत नाही, कारण अंतिम मानकात धन आणि ऋण अनंत वेगळे मानण्याची एकच पद्धत उरली होती. म्हणजे नुसत्या पिढीच्या फरकानेही एखाद्या तुलनेचे उत्तर बदलू शकत होते.

मुळाकाठ

पर्वतीकर, अवांतर पुष्कळ झाले. तुमच्या प्रोग्रॅममध्ये चल कोणत्या प्रकाराचे आहेत आणि तो तिरपा आधार आहे की नाही, हे सांगितलेत तर पुढे जाता येईल. आणखी एक पाहा. टर्बो पास्कलमध्ये ‘रिअल’ हा प्रकार तसाच ठेवून ८०८७ चा पर्याय चालू केला, तर प्रत्येक संख्या सहा बाइटमधून ८० बिटांत आणि पुन्हा सहा बाइटमध्ये बदलली जाते. अशा प्रोग्रॅमला चिपचा वेगही पुरता मिळत नाही आणि अंकही मिळत नाहीत. कोप्रोसेसर बसवूनही त्याचा उपयोग झाला नाही, अशा कितीतरी तक्रारींचे मूळ मी येथे पाहिले आहे.

पर्वती_पायथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुळाकाठ, आपला तर्क तंतोतंत जुळला. डाव्या टोकाचा आधार ३० अंशांत तिरपा आहे आणि तो प्रचंड संख्या मिळवूनच जखडलेला आहे. मॅट्रिक्स आणि बेरजा दोन्ही ‘एक्स्टेंडेड’मध्ये आहेत.

दोन प्रयोग केले. प्रथम अष्टांश यांच्या मुद्द्यावरून सुचले म्हणून कंट्रोल वर्डमधून (चिपची गणिताची पद्धत ठरवणाऱ्या नोंदीतून) राउंडिंग ५३ बिटांवर आणले. ३८७ ची उत्तरे लगेच आजच्या यंत्राच्या जवळ आली, म्हणजे फरक रजिस्टरच्या जास्तीच्या अकरा बिटांतूनच येत होता. त्यानंतर मोठी संख्या मिळवण्याची युक्तीच काढून टाकली आणि त्या सांध्यापुरते अक्ष आधाराच्या दिशेने फिरवून ती दिशा समीकरणांतून वगळली. आता ५३ बिट, ६४ बिट आणि आजचे यंत्र अशी तिन्ही उत्तरे बाराव्या अंकापर्यंत एकसारखी येतात. त्यांच्याशी ताडून पाहता जुन्या पद्धतीची ६४ बिटांची उत्तरे दहाव्या अंकापर्यंत बरोबर होती, आणि आजच्या यंत्रावरची आठव्या अंकापासून घसरलेली होती.

अष्टांश

उत्तम प्रयोग. म्हणजे जुन्या चिपचे उत्तर खऱ्याच्या अधिक जवळ होते, हे मी मान्य करतो. एक सूचना. कंट्रोल वर्ड ५३ वर आणला तरी घातांकाचे १५ बिट तसेच राहतात. म्हणून अतिसूक्ष्म किंवा अतिप्रचंड संख्यांच्या बाबतीत आजच्या ‘डबल’शी तंतोतंत जुळणी अपेक्षू नका. तुमच्या सांगाड्यात तशा संख्या येणार नाहीत.

चिंचेची_तालीम

मग सॉकेटात शेवटी काय बसवणार?

पर्वती_पायथा

सध्या तात्पुरते बसवलेले ३८७ इंटेलचे आहे आणि त्यासाठी बोर्ड ३३ वर चालवतो आहे. ४० मेगाहर्ट्झचे सायरिक्स मिळाले की ते बसवीन, आणि हाच सांगाडा दोन्ही पद्धतींनी चालवून त्याचे आकडे येथे देईन. तिरप्या आधाराचा जुना प्रोग्रॅम मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण दोन चिपमधला फरक दाखवायला तोच उपयोगी पडेल.